अण्णांचा 'हूं' आणि बाबूचं बंद झालेलं खातं

गेले कित्येक दिवस हे लिहायचं मनात होतं, पण अण्णांची परवानगी मिळत नव्हती. परवा ते स्वतःच म्हणाले, "लिही, पण माझं नाव घालू नको." म्हणून कुणाचंच नाव न घालता लिहितोय. अण्णा म्हणजे माझे वडील. मुलाला घरात सगळे बाबू म्हणतात, तेच इथेही चालवून घ्या.

गोष्ट २०२१ च्या श्रावणातली. त्या वर्षी २३ जुलैला म्हादईने सत्तरीची काय दशा केली ते आठवत असेलच. आमचं घर वाळपईत बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. पाणी आमच्यापर्यंत आलं नाही, पण लाइट आणि नेटवर्क जे गेलं ते पुढे महिनाभर धड परतलं नाही. घरात मोबाइलला रेंज मिळायची ती एकाच जागी, बाहेरच्या सोप्याच्या डाव्या कोपऱ्यात, तुळशीकडे तोंड करून बसलं तर. बाबूची आठवीची शाळा त्या कोपऱ्यात भरायची, आणि शाळा सुटली की बुद्धिबळही तिथेच.

एका संध्याकाळी मी दुकान बंद करून आलो (माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे), तर घरात सगळं चिडीचूप. बाबू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवायला उठेना. हिने मला मोबाइल दाखवला. ज्या मोठ्या परदेशी साइटवर तो खेळायचा, तिथून चार ओळी इंग्रजीत आल्या होत्या. 'फेअर प्ले'चा नियम मोडल्यामुळे तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. आणि तुम्ही ज्यांना हरवलंत, त्यांचे गेलेले गुण त्यांना परत देण्यात येत आहेत.

"म्हणजे काय हो?" हिने विचारलं.

"म्हणजे बाबूने फसवणूक केली म्हणतात," मी म्हणालो, आणि माझं डोकंच फिरलं.

तेरा वर्षांचा पोरगा. लॉकडाउनमध्ये बाकीची मुलं बंदुका चालवायचे खेळ खेळत होती तेव्हा हा पट मांडून बसायचा. आपल्या गोव्याचा लिऑन मेंडोन्सा चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, तोही युरोपात लॉकडाउनमध्ये अडकून पडलेला असताना. ती बातमी कापून बाबूने कपाटाला चिकटवली होती. त्या मुलाला हे लोक लबाड म्हणणार?

त्याच रात्री मी अपील लिहिलं. आज ते वाचलं तर लाज वाटते. आमच्या घरात मास्तरकीची परंपरा आहे, माझ्या मुलावर असले घाणेरडे आरोप करायची तुमची हिंमत कशी झाली, पुरावा द्या नाहीतर कोर्टात खेचतो, असं दीड पान. शब्दकोश काढून एक-दोन जड शब्दही टाकले. बाबूला मात्र एक प्रश्न विचारला नाही. त्याला विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं मला वाटलं होतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. अगदी सभ्य. आम्ही पुन्हा तपासलं, निर्णय कायम आहे, तपासाची पद्धत सांगता येत नाही. बस. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं झालं. गुन्हा कुठला, कुठल्या दिवशी, कुठल्या डावात, काहीच नाही!

आता थोडं अण्णांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गोवा मुक्त झाला तेव्हा अण्णा एकोणीस वर्षांचे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यात ते मास्तर म्हणून लागले आणि सत्तरीतल्या खेड्यापाड्यांतून बदल्या घेत वाळपईतच निवृत्त झाले. बुद्धिबळ ते बाजारात शिकले. आपल्या जुन्या देशी नियमांचं. त्यात प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जात नाही आणि राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. रविवारी दुपारी केस कापायच्या दुकानाबाहेर बाकावर पट मांडायचे. खेळणारे दोघे आणि बघणारे दहा. आणि बघणारे गप्प बसले तर ते वाळपईचे कसले! "घोडो काड रे!" "वजीर मरता मरे तुजो!" असा गदारोळ. अण्णा सांगतात, एकदा तर खेळणारा उठून चहाला गेला आणि बघणाऱ्यांनीच डाव संपवला. कुणाला त्यात गैर वाटायचं नाही. डाव म्हणजे सगळ्या बाकाचा.

करोनात ते बाक रिकामं पडलं. अण्णा तेव्हा एकोणऐंशीचे. घराबाहेर पाऊल टाकायची बंदी. पुण्याच्या बहिणीने त्यांना बोलायला म्हणून स्मार्टफोन पाठवला, आणि बाबूने त्यात एक बुद्धिबळाचं ॲप घालून दिलं. डाव मांडला की पुढची सर्वांत चांगली चाल कुठली ते यंत्र दाखवतं, हिरव्या बाणाने. बाबूने ते का दिलं, तर अण्णांनी वर्तमानपत्रातले जुने डाव कापून वहीत चिकटवलेले, ते मांडून बघता यावेत म्हणून. आजोबा-नातू दोघे त्या डाव्या कोपऱ्यात मांडीला मांडी लावून बसायचे. पावसाची झड आली की एकाच घोंगडीखाली. मला ते दृश्य फार आवडायचं, खरं सांगतो.

अपील फेटाळल्यावर मी सांखळीच्या एका सरांना फोन केला. ते बुद्धिबळाच्या स्पर्धांत पंच म्हणून काम करतात. म्हणाले, मोबाइल घेऊन या, डाव बघूया. स्कूटरने गेलो. सरांनी बाबूचे शेवटच्या दोन आठवड्यांचे डाव एकेक करून बघितले. चहा थंड झाला तरी बघतच होते. मग चष्मा काढून म्हणाले, "यातले सात-आठ डाव बाबू खेळलेला नाही."

मी उसळलो. सर शांतपणे समजावत गेले. प्रत्येक चाल आणि त्या चालीला लागलेला वेळ साइटकडे जमा असतो. स्टॉकफिशसारखं फुकट मिळणारं प्रोग्राम आज जगज्जेत्यालाही सहज हरवतं. खेळाडूच्या चाली त्याच्या चालींशी ताडून बघतात. एखादी चाल जुळली तर काहीच नाही. पाच जुळल्या तरी नाही. पण बाराशे गुणांचा मुलगा एकदम डावामागून डाव यंत्राच्या तोडीचा खेळायला लागला तर ते दिसतं. आणि त्याहून जास्त दिसतो तो वेळ. "हे बघा," सर म्हणाले, "समोरच्याने हत्ती मारला. उलट मारायचा. दुसरी चालच नाही. याला किती वेळ लागावा? एक सेकंद, फार तर दोन. बाबूने घेतले बावीस. पुढची चाल खरोखर अवघड आहे. तिलाही बावीस-तेवीस. माणूस असा खेळत नाही हो. माणूस सोप्या चालीला घाई करतो आणि अवघडला अडतो."

मग पुरावा का दाखवत नाहीत, असं मी विचारलं. "तुम्ही दुकानदार आहात. चोर कुठून येतात आणि कॅमेरा कुठे लावलाय, ते दुकानाबाहेर बोर्ड लावून सांगाल का?" हे पटलं. तरी मनात राहिलं, की ज्याने काहीच केलेलं नाही त्याने मग काय करायचं? आजही तो प्रश्न पूर्ण सुटलाय असं मला वाटत नाही.

सरांनी तेव्हाच्या ताज्या प्रकरणाची आठवण करून दिली. दोनच महिन्यांपूर्वी, १३ जून २०२१ ला, करोनासाठी निधी जमवायला विश्वनाथन आनंद नामवंतांशी चेस डॉट कॉमवर खेळला होता. त्यात झिरोधाचे निखिल कामत चक्क आनंदला हरवून बसले. लोकांनी डाव तपासला आणि कामतांना दुसऱ्या दिवशी कबूल करावं लागलं, की जाणकारांची आणि कॉम्प्युटरची मदत होती. त्यांचं खातं बंद झालं आणि पुढे उघडलंही. आनंद एवढंच बोलला, की आपण पटावर जे होतं ते खेळलो. "कोट्यधीश माणूस, गंमत म्हणून केलं, तरी सापडला," सर म्हणाले. "बाबू खेळतो तेव्हा शेजारी कोण असतं?"

पावसात भिजत परत येताना होंड्याच्या चढावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि वाटलं पडला नसता तर बरं.

घरी आल्यावर अण्णांना सहज विचारल्यासारखं विचारलं, बाबू खेळतो तेव्हा तुम्ही काय करता? त्यांनी उत्साहाने फोन काढला. "हे बघ, त्याचा डाव मी इकडे मांडतो. कोण वर, कोण खाली, सगळं कळतं."

"आणि त्याला सांगता?"

"छे! मी कधी सांगितलं? चूक करायला लागला की फक्त हूं करतो."

तो हूं! बाबूचा हात घोड्याकडे गेला की हूं. उंटाकडे गेला, हूं. वजिराकडे गेला आणि अण्णा गप्प राहिले, की वजीर हलायचा. बावीस सेकंद कशाला लागत होते ते आता कळलं. म्हाताऱ्या बोटांनी दुसऱ्या फोनवर चाल मांडायला तेवढा वेळ लागायचाच.

अण्णांच्या लेखी ती फसवणूक नव्हतीच. बाकावरचीच रीत होती ती. फरक एवढाच की बाकावर बोलणारे दहाही जण आपल्याच तोलाचे, आणि इथे अण्णांच्या तोंडून जगज्जेत्याचा बाप बोलत होता. हे मी त्यांना सांगायचा प्रयत्न करत होतो, इतक्यात दारातून बाबू बोलला.

"अण्णांना काही बोलू नका पप्पा. मला माहीत होतं."

कधीपासून?

"तिसऱ्या-चौथ्या डावापासून. अण्णांच्या चष्म्यात हिरवा बाण दिसायचा."

कोणी काहीच बोललं नाही. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत डोळ्यांवर न लावता उठले आणि आत गेले.

दोन दिवस ते सोप्यावर आले नाहीत. जेवायला यायचे, मुकाट्याने जेवायचे. तिसऱ्या दिवशी मला हाक मारून म्हणाले, "पेपरात शेजाऱ्याला खूण केली म्हणून मी पोरांना वर्गाबाहेर उभं केलंय रे. एकाचा तर बाप येऊन माझ्या पाया पडला होता. मी ऐकलं नाही." त्या पोराचं नावही त्यांनी सांगितलं. साठ वर्षांपूर्वीचं. त्यांना बोचत होतं ते हेच, आणि त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

मग दुसरं पत्र लिहायला बसलो. या वेळी तिघे. आणि लगेच भांडण. बाबू म्हणे, लिहा की मी केलं, अण्णांचं नाव नको. अण्णा म्हणत, अपराधी मी, पोराचं खातं त्याला परत द्या, मी सही करतो. मला वाटत होतं, आजोबा म्हातारे आहेत, त्यांना कळलं नाही, असं लिहून दोघांनाही सोडवावं. सरांना फोन लावला. ते म्हणाले, जे घडलं ते घडलं तसं लिहा. खात्याचं नाव, कुठल्या दिवसांतले डाव, शेजारी कोण होतं, कुठल्या फोनवर काय चालू होतं, मुलाला कधी कळलं. धमकी नको, घराण्याचा इतिहास नको. पहिल्या पत्राबद्दल माफी मागा. आणि पान उलटायला लावू नका, समोर रोज असली शेकडो पत्रं वाचणारा माणूस बसलाय.

अकरा ओळी झाल्या. 'मला कळलं तरी मी थांबलो नाही, कारण माझे गुण वाढत होते' हे वाक्य बाबूने स्वतः सांगितलं. मी ते काढूया म्हणालो. तो म्हणाला, राहू दे.

उत्तर आलं ते चवथीच्या दोन दिवस आधी. मी माटोळीचं सामान घेऊन बाजारातून येत होतो, हातात कांगलां आणि आंबाडे, आणि बाबू पावसात अनवाणी पळत सामोरा आला. जुनं खातं बंदच राहणार. पण प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल आभार, आणि एक नवं खातं उघडायला हरकत नाही. पुन्हा असं घडलं तर मात्र तिसरी संधी नाही. जिंकलेले सगळे गुण गेले, पहिल्यापासून सुरुवात. पण पोरगं त्या रात्री दोनदा भात मागून जेवलं.

अण्णांनी आपण होऊन जागा बदलली. समोरच्या उजव्या सोप्यावर बसू लागले, जिथे रेंजच नाही.

ही बातमी बाजारात कशी फुटली देव जाणे (आमच्याच घरातून फुटली असणार, हिच्या माहेरचे लोक केरीला, आणि केरीहून वाळपईला बातमी बसच्या आधी पोचते). झालं काय, की माझ्या झेरॉक्सच्या दुकानात लोक अपीलं लिहून घ्यायला येऊ लागले! उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि गेमचं अपील. एकजण पबजीचं घेऊन आला. त्याला समजावलं, बाबा रे, २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजीसह ११८ ॲपांवर आणलेली बंदी वेगळी आणि तुझ्या एकट्याच्या खात्यावरची वेगळी. पहिली कंपनीवर, तिथे तुझं अपील चालत नाही. दुसरीचं कारण मात्र तूच सांगू शकशील. त्या नेमबाजीच्या खेळांत तर एकदम दहा वर्षांची बंदी घालतात. वीस वर्षांच्या पोराला ती जन्मठेपच वाटते.

मी आलेल्या प्रत्येकाला आधी बाजूला घेऊन विचारतो, काय केलं होतंस? बहुतेक वेळा काहीतरी निघतंच. भिंतीपलीकडचं दिसणारं कसलं तरी ॲप घातलेलं, नाहीतर कुणाकडून तरी हजार रुपयांत आयतं खातं विकत घेतलेलं. अशांचं पत्र मी लिहीत नाही, लिहायचंच तर कबुलीचं. पण खरोखर निर्दोष असलेलेही दोन भेटले. एकाने मित्राला पासवर्ड दिला होता आणि उपद्व्याप मित्राने केले. त्याचं खातं परत मिळालं, कारण पहिल्यांदा खातं उघडलं तो ईमेल, पैसे भरल्याच्या पावत्या आणि तारखा त्याने नीट जपून ठेवल्या होत्या. दुसऱ्याला काहीच सिद्ध करता आलं नाही, आणि आम्ही दोघे नुसते बसून राहिलो.

पणजीला वकिली करणाऱ्या मित्राने पुढे एक गोष्ट सांगितली, ती इथे देतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि निकाल ७ दिवसांत (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत १५ दिवसांची होती). त्यावर समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ही समिती २०२३ पासून आहे, अर्ज ऑनलाइन करायचा, वकील लागत नाही. आम्हांला तेव्हा ती नव्हती. असती तर मी पहिल्याच रात्री तिथे धावलो असतो आणि समितीसमोर तोंडावर पडलो असतो, हेही खरं.

२०२२ मध्ये कार्लसन आणि हान्स नीमन यांचं प्रकरण गाजलं. नीमनने कबूल केलं, की बाराव्या आणि सोळाव्या वर्षी त्याने ऑनलाइन डावांत लबाडी केली होती. वर्तमानपत्रात ते आलं तेव्हा अण्णांनी मोठ्याने वाचून दाखवलं. 'बाराव्या वर्षी' पाशी थांबले, बाबूकडे बघितलं आणि पुढे वाचत गेले. ते कात्रणही वहीत आहे.

बाबू आता बारावीला आहे. ग्रँडमास्टर वगैरे होणार नाही, ते त्यालाही कळलंय. तालुक्यात बरा खेळतो. नव्या खात्यावर जुन्या गुणांच्या पुढे जायला त्याला दोन वर्षं लागली.

गेल्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक आपल्या गोव्यात झाला, हडफड्याला. दोनशेहून जास्त खेळाडू, आणि चषकाला नाव आनंदचं. अण्णा त्र्याऐंशीचे, गुडघ्यांमुळे जाता आलं नाही. बाबूने त्यांना टॅबवर लावून दिलं. गुकेश तिसऱ्या फेरीत गेला तेव्हा ते रात्री जेवले नाहीत. शेवटी उझबेकिस्तानचा सिंदारोव जिंकला, तोवर त्यांचा मुक्काम सोप्यावरच होता.

या थेट प्रक्षेपणात पटाच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी दाखवतात. यंत्राच्या मते कोण वरचढ आहे, ते तिच्यावरून कळतं. एके दुपारी मी चहा घेऊन गेलो, तर अण्णांनी टॅबच्या त्या कडेला माझ्या दुकानातलीच चिकटपट्टी लावून वर वहीचा कागद डकवला होता.

"हे काय अण्णा?"

"गप्प बस," ते म्हणाले, "मला बघू दे तो काय खेळतो."